पावसाळ्यात बॅगहाऊस बंद, भट्टी मात्र चालू : कारखान्याच्या व्यवस्थापनास खुले पत्र

महोदय,

पंचायतीने धुळीबद्दल पाठवलेल्या पत्राला तुम्ही दिलेले उत्तर गेल्या ग्रामसभेत सचिवांनी वाचून दाखवले. दोनच परिच्छेद होते. पहिल्यात म्हटले होते की कारखान्यात बॅगहाऊस, म्हणजे कापडी बॅगांतून धूर गाळणारे यंत्र, बसवलेले आहे, सबब धुळीचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्यात म्हटले होते की पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे बॅगा चोंदतात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बॅगहाऊस ‘गरजेनुसार’ बाजूला ठेवावे लागते. त्या काळात भंगार वितळवण्याची भट्टीही बाजूला ठेवता का, यावर अवाक्षर नव्हते. सरपंचांनी ‘उत्तर प्राप्त’ अशी नोंद करून घेतली आणि सभा पथदिव्यांच्या विषयाकडे वळली.

मी तिथे गप्प बसलो, कारण मला जे सांगायचे होते ते दोन वाक्यांत मावणारे नव्हते. घरी येऊन लिहायला बसलो. पत्र तुमच्या नावे असले तरी खुले ठेवले आहे. गावातल्या लोकांनी ते वाचावे, हवेच्या प्रदूषणावर देखरेख करण्याचा पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाचावे, आणि शेजारच्या वसाहतींतल्या भट्टीवाल्यांनीही वाचावे. कारखान्याचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. नाव आले की वाद नावावर जातो आणि धूळ बाजूला राहते. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात कोणाला काय लागू पडते ते ज्याचे त्याला कळेल.

मी निवृत्त मेंटेनन्स फिटर आहे. तुमच्याकडे नव्हतो, दुसऱ्या एका कारखान्यात होतो. नोकरीतला बराच काळ बॅगहाऊसच्या माथ्यावर आणि पोटात गेला. ‘बसवलेले आहे’ या शब्दांनी ग्रामसभेचे समाधान झाले असेल, माझे होत नाही. पंप बसवला म्हणून टाकी भरत नाही, हे आमच्या वाड्यावरच्या बायकांनाही ठाऊक आहे.

आधी माझे गाऱ्हाणे सांगतो. घरामागे छोटेसे कुळागर आहे. पोफळी, माड, थोडी हळद. चवथीच्या आसपास पातोळ्यांसाठी हळदीची पाने काढतो. गेली काही वर्षे पान उलगडले की देठाकडच्या खोलगट भागात, जिथे पावसाचे पाणी साचून राहते, तिथे राखाडी गाळाची बारीक रेघ दिसते. बोटाने पुसली तर शिशाच्या पेन्सिलीसारखी चमक उरते. सून ती पाने तीन-तीनदा धुते आणि तरीही पातोळ्या करताना तिचे मन खात नाही असे नाही. एप्रिल-मेमध्ये सोलां, म्हणजे आमसुले, करतो तेव्हा तर धुण्याची सोयच नसते. भिरंडे (कोकमाची फळे) फोडायची, साले आगळात, म्हणजे त्यांच्याच रसात, बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. त्या चिकट सालांवर रात्री जे बसते ते तिथेच राहते. सोलां आता घरापुरतीच करतो, विकत नाही. दुसऱ्याच्या आमटीत काय जाते ते आपल्याला ठाऊक असताना विकणे जमत नाही.

‘ही खाणीची धूळ’ असे तुमचे अधिकारी खासगीत म्हणतात, तेही कानावर आले आहे. खाणपट्ट्यात जन्म गेलेल्या माणसाला खाणीची धूळ शिकवू नये. ट्रकांच्या रांगा इथून जायच्या तेव्हा आमच्या घराची कौले, काजूची झाडे, मुलांचे गणवेश, सगळे तांबडे व्हायचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग काही काळ चालू, २०१८ साली पुन्हा बंद, हे सगळे आम्ही इथेच बसून पाहिले. ती धूळ तांबडी, जाड आणि दिवसाची. ही राखाडी, मैद्याहून बारीक आणि रात्रीची. लोहचुंबक फिरवला तर थोडी चिकटते, पण तेवढ्यावरून ती तुमचीच असे मी म्हणणार नाही, कारण आमची मातीच लोखंडाची आहे. ती कोणाची हे तपासायची सोय तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

आता बॅगहाऊसकडे येतो. गावकऱ्यांना ते यंत्र माहीत नाही आणि तुमच्या उत्तराची सगळी मदार त्यावरच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बाहेरून पाहिले तर पत्र्याची मोठी पेटी, खाली उलट्या पिरॅमिडसारखे हॉपर. आत मधोमध एक जाड पत्रा आडवा असतो, त्याला ट्यूबशीट म्हणतात. त्याला ओळीने गोल भोके. प्रत्येक भोकातून कापडाची एक लांब नळी खाली लोंबते, तीच बॅग. जाडी साधारण वीतभर, लांबी दोन पुरुष किंवा त्याहून जास्त. बॅग आत चेपू नये म्हणून तिच्या पोटात तारेचा पिंजरा असतो. भट्टीवरच्या हूडमधून, म्हणजे धूर ओढणाऱ्या छत्रीतून, आलेली धुरकट हवा खालच्या कप्प्यात येते, कापडाच्या बाहेरून आत शिरते, धूळ बाहेर अडते, स्वच्छ हवा बॅगेच्या तोंडातून वरच्या कप्प्यात जाते आणि तिथून आयडी फॅन, म्हणजे हवा ओढणारा मोठा पंखा, तिला चिमणीत ढकलतो.

गंमत अशी की खरे गाळण्याचे काम कापड करत नाही. कापडाची छिद्रे भट्टीच्या धुराच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. नव्या फडक्यातून नारळाचा रस गाळताना सुरुवातीला बारीक कीस खाली उतरतो आणि फडक्यावर चोथा बसला की मग रस नितळ येतो, तसेच इथे होते. बॅगेवर धुळीचा पातळ थर बसतो, त्याला आम्ही केक म्हणायचो. पुढची धूळ तो केक अडवतो. म्हणून नव्या बॅगा घातल्या की पहिल्यांदा चुन्याची बारीक पूड ओढून घेऊन त्यांच्यावर थर चढवायचा असतो. केक जमलेले, धडधाकट बॅगहाऊस आलेल्या धुळीपैकी ९९ टक्क्यांहून अधिक अडवते. यंत्र चांगलेच आहे. माझे भांडण यंत्राशी नाही.

पण केक वाढत गेला की हवेला वाट राहत नाही. बॅगांच्या खालच्या आणि वरच्या कप्प्यातल्या दाबाचा फरक वाढतो. हा फरक, म्हणजे डीपी, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. ठीक चाललेल्या बॅगहाऊसमध्ये तो साधारण १०० ते १५० च्या दरम्यान खालीवर होत असतो. वर चढला की बॅगा झाडाव्या लागतात, आणि त्या झाडण्यासाठी यंत्र थांबवावे लागत नाही. प्रत्येक ओळीवरून एक नळी जाते, तिला प्रत्येक बॅगेच्या तोंडावर एक भोक. टायमरने इशारा दिला की सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडतो, डायफ्राम (रबरी पडदा) उचलला जातो आणि ५ ते ७ बार दाबाची हवा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ त्या नळीतून सुटते. जाताना ती आजूबाजूचीही हवा सोबत घेऊन बॅगेत उतरते. पिंजऱ्याला चिकटलेली बॅग वरून खालपर्यंत क्षणभर फुगते, केकला तडे जातात, खपल्या हॉपरमध्ये पडतात. मग पुढची ओळ, त्यानंतर पुढची. बाकीच्या ओळी तेवढ्या वेळात गाळतच असतात. जुन्या तऱ्हेच्या बॅगहाऊसमध्ये बॅगा यंत्राने हलवत, किंवा एकेक कप्पा बंद करून उलटी हवा सोडत. तुमच्याकडे पल्सवाले, म्हणजे वर सांगितलेले हवेचे झटके मारणारे, आहे, हे मला बाहेरूनच कळते, कारण पल्सचा आवाज येतो. रात्री शांत असते तेव्हा वाड्यावर तो ठाप्... ठाप्... ऐकू येतो.

म्हणजे यायचा.

हा आवाज झोपमोड करतो अशी तक्रार पूर्वी दोघा-तिघांनी केली होती. मी त्यांना सांगायचो, बाबांनो, तो चालू आहे म्हणून निजा. मिरगाचा पाऊस लागला की काही रात्री तो अजिबात येत नाही. भट्टीचा घरघराट मात्र चालू असतो, शेडच्या छपरावर लाल उजेड असतो. हे ठामपणे लिहितानाही तुमची बाजू राखतो : काही बॅगहाऊस डीपी वाढल्यावरच झाडायला लागतात, त्यामुळे तासभर आवाज आला नाही तर लगेच बंद समजू नये. पण रात्रभर भट्टी आणि रात्रभर एकही ठाप् नाही, हे त्यात बसत नाही. आणि आता तर तुम्हीच लिहून दिले आहे की बाजूला ठेवतो.

बाजूला ठेवणे म्हणजे काय, तेही लोकांना कळू दे. बॅगहाऊसला वळसा घालून सरळ फॅनकडे जाणारा एक डक्ट, म्हणजे हवेचा पत्र्याचा मार्ग, असतो, त्यावर बायपास डॅम्पर, म्हणजे उघडझाप करणारी झडप. तो आणीबाणीसाठी. साध्या पॉलिस्टरच्या बॅगा साधारण १३० अंशांपर्यंतच तग धरतात. भट्टीवरून अचानक जास्त गरम वायू आला, ठिणग्या आल्या, तर बॅगा जळू नयेत म्हणून काही मिनिटे तो उघडायचा आणि तेवढ्यात भट्टीचा जोर कमी करायचा. तो चार महिन्यांसाठी नसतो.

आकडा मांडून दाखवतो. समजा बॅगहाऊसमध्ये ४०० बॅगा आहेत, प्रत्येकीचे कापड पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. मिनिटाला एका चौरस मीटरमधून एक घनमीटर हवा, या हिशेबाने तासाला ४० हजार घनमीटर. येणाऱ्या हवेत घनमीटरला एक ग्रॅम धूळ धरली तर तासाला ४० किलो. बॅगा चालू असतील तर यातली चिमणीबाहेर जाते ती फार तर मूठ-दोन मुठी. बायपास उघडा ठेवून रात्रीचे सहा-साडेसहा तास भट्टी चालवली तर अडीचशे किलो. तुमचे आकडे वेगळे असतील. ते जाहीर करा, मी माझे मागे घेतो.

आता त्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल, म्हणजे पावसाळ्याच्या सबबीबद्दल. मला सर्वांत जास्त राग तिचा आला, कारण ती अर्धी खरी आहे.

ओल बॅगांची वैरी आहे, हे खरे. ओली धूळ कापडात रुतून तिचा चिखल होतो, सुकला की खापरीसारखा कडक, मग कितीही पल्स मारा, सुटत नाही. आमच्याकडे पावसाचे मान तीन मीटरच्या घरातले, वाळपईच्या बाजूला त्याहून जास्त. जुलैत भिंतींना पाझर फुटतो तिथे बॅगांचे काय. पण बॅगा ओल्या कधी होतात? भट्टी चालू असताना नव्हे. हूडमधून येणारी हवा गरम असते आणि गरम हवा आपला ओलावा वाफेच्या रूपातच धरून ठेवते. ओल धरते ती भट्टी थांबल्यावर, पेटीचा पत्रा गार पडल्यावर. त्या गार पत्र्याला आतल्या हवेतले पाणी सुटते आणि बॅगांवरचा केक ते शोषून घेतो. म्हणजे बॅगहाऊस गार आणि बंद ठेवणे हाच बॅगा भिजवण्याचा खात्रीचा मार्ग. मग एखाद्या दिवशी तपासणी असली की त्याच भिजलेल्या बॅगांवर एकदम गरम हवा सोडायची आणि डीपी अडीचशेला पोचला की म्हणायचे, बघा, पावसाळ्यात चालत नाही.

दुसरे पाणी येते ते तुमच्याच कंप्रेसरमधून. पावसाळी हवा सात बारला दाबली की तिच्यातले पाणी निथळते. ते टाकीच्या तळाशी साचते. जुलै महिन्यात पाळीच्या सुरुवातीला त्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाहा. आधी गंजाच्या रंगाचे पाणी येते, मग दुधासारखा फेस, मग कुठे कोरडी हवा. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या पाळीला हेच दाखवायचो. कॉक उघडला नाही, ड्रायर बिघडलेला तसाच ठेवला, तर प्रत्येक पल्ससोबत बॅगेच्या आत पाण्याचा फवारा जातो. मग दोष पावसाला.

यावरचे उपाय कोणी परदेशातून आणायचे नाहीत. भट्टी थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटे फॅन आणि पल्स चालू ठेवून आतली दमट हवा बाहेर काढायची आणि बॅगा झाडून घ्यायच्या. पेटीला आणि हॉपरला उष्णतारोधक आवरण द्यायचे, हॉपरला हीटर लावायचे. पेटी फॅनच्या ओढीखाली असते, म्हणून दरवाजाचे रबर फाटलेले असेल किंवा पत्र्याला गंजून भोक पडले असेल तर बाहेरचा पाऊस ती आपणहून आत ओढून घेते. ते मे महिन्यातच बुजवायचे. हॉपरखालचा, भुकटी बाहेर सोडणारा रोटरी व्हॉल्व्ह झिजला असेल तर तिथूनही हीच कथा. आणि पॉलिस्टर गरम ओलीत कुजते, तेव्हा दमट जागी दुसऱ्या धाग्याच्या, नाहीतर वरून पातळ पडदा चढवलेल्या बॅगा मिळतात, त्या घ्यायच्या. महाग पडतात, मान्य. तो महागाईचा प्रश्न आहे, पावसाचा नाही. खर्च नको असेल तर तसे लिहा. मॉन्सूनवर ढकलू नका, तो केरळहून येतो तेव्हा तुमच्या बॅगांचा विचार करून येत नाही.

कायद्याचेही सांगतो. १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाखाली तुम्हाला कारखाना चालवण्याची संमती मिळते. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये संमतीच्या अटी आहेत आणि त्यात प्रदूषण रोखणारी यंत्रणा सर्व काळ चालू स्थितीत ठेवावी असे म्हटले आहे. त्यात जून ते सप्टेंबर वगळलेले मला दिसले नाही. काही अपघात होऊन मर्यादेबाहेर धूर गेला, किंवा जाण्याची शक्यता असली, तर ती गोष्ट लगेच कळवायची जबाबदारी कलम २३ खाली तुमचीच. तुम्ही पंचायतीला जे उत्तर दिले तेच संमती देणाऱ्या कार्यालयालाही कळवले आहे काय?

या कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनाही इथेच दोन शब्द. तुम्ही येता, चिमणीवर चढून नमुना घेता, कागदावर घनमीटरला १५० मिलिग्रॅमच्या आतला आकडा येतो आणि फाइल बंद होते. नमुना खोटा असतो असे मी म्हणत नाही. नमुना त्या एका तासाचा खरा असतो. येण्याची वर्दी आधी लागली की त्या तासाला सगळे बॅगहाऊस सोन्यासारखे चालते, हे कारखान्यात नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. चिमणी काय ओकत होती हे कळायला डीपीची नोंदवही बघा, आणि शेजारी आयडी फॅनचा अँपिअर बघा. फॅन पूर्ण भारावर चालू आणि डीपी शून्याच्या जवळ, म्हणजे एक तर बॅगा फाटल्या आहेत किंवा हवा बायपासने चालली आहे. तिसरे कारण शोधून सापडायचे नाही, गेज बिघडले असेल तेवढे सोडून. आणि नोंदवहीत प्रत्येक तासाला १२०, १२०, १२० असे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसले तर ती वही खाली ठेवा आणि गेजपाशी जा. जिवंत बॅगहाऊसचा काटा कधी एका जागी बसत नाही. असल्या वह्या मी पाहिल्या आहेत, कुठे ते विचारू नका.

अजून तीन गोष्टी आहेत, त्या थोडक्यात.

भट्टीत भंगार टाकताना जो धूर उठतो तो हूडमध्ये शिरतच नाही, शेडच्या छपरातल्या फटींतून निघतो. बॅगहाऊस कितीही उत्तम असले तरी जी धूळ त्याच्यापर्यंत पोचत नाही तिला ते काय करणार? हूड भट्टीच्या तोंडापासून किती वर आहे आणि क्रेन जायला जागा हवी म्हणून तो कापला आहे का, याचे उत्तर द्या. भंगाराला तेल, रंग, जस्ताचा मुलामा लागलेला असतो, तो पांढरट धूर त्याचाच.

दुसरी गोष्ट हॉपरमधून निघणाऱ्या भुकटीची. बॅगहाऊस धूळ नाहीशी करत नाही, गोळा करते. गोळा केलेली जाते कुठे? शेडमागे ताडपत्रीखाली ढीग आहे तो आमच्या गुरांच्या वाटेवरून दिसतो. ताडपत्री दोन ठिकाणी फाटली आहे आणि उतार ओहोळाकडे आहे. ओहोळाचे पाणी खाली शेतात जाते. अशा भुकटीचा समावेश २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, वायू स्वच्छ करताना उरणारा अवशेष म्हणून, झालेला आहे. पावसाळ्यात बॅगहाऊस बाजूला आणि उन्हाळ्यात गोळा केलेले ताडपत्रीखाली, म्हणजे शेवटी दोन्ही आमच्याच वाट्याला.

तिसरी गोष्ट बॅगा बदलणाऱ्या मुलांची. दूरच्या राज्यांतून आलेली ही कंत्राटी पोरे तोंडाला गमछा बांधून पेटीत उतरतात. त्यांतली दोघे आमच्या वाड्यावर भाड्याने राहतात. अंगणातल्या नळावर हात-पाय धुतात तेव्हा पाण्याला जो रंग येतो तो मला ओळखीचा आहे. पेटीच्या घाण बाजूला शिरण्याआधी ती थंड करायची, हवा खेळती करायची, आतली हवा तपासायची, फॅनला आणि पल्सच्या हवेला कुलूप लावायचे, चांगला मास्क द्यायचा, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा. बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल १९४८ च्या कारखाना अधिनियमात, २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत, स्वतंत्र कलम होते. या मुलांना ते माहीत नाही, तुम्हाला आहे.

कारखाना बंद करा अशी आमची मागणी नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा चूल कशी विझते ते या पट्ट्याने पाहिले आहे. आमच्याच गावची काही मुले तुमच्याकडे कामाला आहेत आणि त्यांच्या घरी हे पत्र वाचून तोंडे वाकडी होणार, हेही मला ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की भट्टी चालेल तेव्हा बॅगहाऊस चालले पाहिजे, आणि ते चालले की नाही हे आम्हाला तुमच्या शब्दाशिवाय कळले पाहिजे. त्यासाठी मागण्या अशा :

पंचायतीला दिलेल्या उत्तरातला दुसरा परिच्छेद लेखी मागे घ्या. बॅगहाऊस चालवता येत नसेल त्या दिवशी भट्टी पेटवणार नाही, असे त्या जागी लिहून द्या.

बायपास डॅम्परला सील लावा. सील देखरेख करणाऱ्या कार्यालयाचे असावे. आणीबाणीत तोडावे लागले तर वेळ, कारण आणि किती मिनिटे उघडा होता हे त्याच दिवशी त्या कार्यालयाला आणि पंचायतीला कळवा.

डीपी आणि फॅनचा अँपिअर आपोआप नोंदवणारे यंत्र बसवा आणि दोन्ही आकडे गेटवरच्या फलकावर दिसू द्या. चिमणीत बॅग फुटल्याचा इशारा देणारा सेन्सर मिळतो, तोही बसवा. भट्टीच्या विजेच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणत्या रात्री काय चालू होते हे शाळेतले पोरही सांगेल.

पावसाळा संपल्यावर एकदा गळतीची चाचणी गावकऱ्यांसमोर करा. बॅगहाऊसच्या आधी डक्टमध्ये चमकणारी पूड सोडायची, थोड्या वेळाने यंत्र थांबवून वरचा कप्पा उघडायचा आणि अंधार करून जांभळ्या दिव्याने ट्यूबशीट बघायची. जी बॅग फाटली आहे तिच्या तोंडाशी पूड हिरवी-पिवळी चमकते. माझे डोळे अजून शाबूत आहेत, शिडीही चढता येते. दिवा नसला तरी चालेल : वरच्या कप्प्यातल्या पत्र्यावरून बोट फिरवून ते सगळ्यांना दाखवा. सुदृढ बॅगहाऊसमध्ये ते बोट जवळजवळ स्वच्छ निघते.

शेडमागचा ढीग पुढच्या पावसाच्या आत हलवा. किती वजन, कोणत्या गाडीतून, कुठे गेले, याची पावती पंचायतीत लावा.

आणि बॅगा बदलणाऱ्या मुलांना मास्क द्या. यासाठी कोणाच्या परवानगीची, सभेची, टेंडरची वाट पाहायची गरज नाही. उद्याच्या पाळीपासून होऊ शकते.

पुढच्या ग्रामसभेला तुमचा प्रतिनिधी यावा. उत्तर वाचून दाखवणारा नको, बॅगहाऊसवर प्रत्यक्ष काम करणारा सुपरवायझर किंवा फिटर पाठवा, आम्ही एकमेकांची भाषा समजतो. त्याच्यासोबत गेल्या जून ते सप्टेंबरची डीपीची नोंदवही पाठवा. नव्याने टाइप केलेली प्रत नको. तेलाचे डाग पडलेली, पाने दुमडलेली, पाळीवरच्या माणसांच्या अक्षरातली मूळ वहीच हवी.

आपला,
एक निवृत्त फिटर
डिचोली तालुका, गोवा